ग्रिलवाल्याचं कॅरियर

राजे संपले. सिंह बघायचा तर तिकीट काढावं लागतं. कोल्हा हुशार होता, तो राजकारणात गेला. तेव्हा ही गोष्ट एका ग्रिलवाल्याची. गडहिंग्लजात त्याचं दुकान होतं आणि त्याचं नाव हिंदुराव.

खिडकीचं ग्रिल, गॅलरीचं ग्रिल, जिन्याचा कठडा, गोठ्याचं फाटक, लोखंडाचं म्हणाल ते हिंदुराव करायचा, आणि असं करायचा की बघणाऱ्यानं हात लावून बघावं. त्याच्या वेल्डिंगचा टाका हत्तीनं ओढला असता तर हत्ती दमून खाली बसला असता. त्याच्या ग्रिलांपुढं हात टेकून गावातल्या दोन-चार चोरांनी म्हणे प्रामाणिक धंदे सुरू केले. आता ते पहिल्यापेक्षा जास्त कमावतात, ही वेगळी गोष्ट.

माणूस मनानं सोन्याचा. कुणाच्या दारात मांडव पडायचा असो की तिरडी बांधायची असो, हिंदुराव पुढं. खोड एकच. काम झालं की झालं, त्यात फिरून हात घालायचा नाही. नट-बोल्टाचं नाव काढलं तरी त्याला कुणी आईवरून बोलल्यासारखं वाटायचं. घातलेला टाका आणि दिलेला शब्द माघारी घ्यायचा नसतो, असं तो म्हणायचा. वाक्य ऐकायला झकास आहे. पण गुरवांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला त्यानं माकडांसाठी असं झाकण ठोकलं, की माकडं तर गेलीच, टाकी धुवायलाही कुणाला आत जाता येईना. शेवटी गुरवांनी शेजारी दुसरी टाकी बांधली. पहिलीवरचं झाकण अजून नव्यासारखं आहे.

पन्नाशी आली की माणसं चष्मा घेतात, गुडघ्याला तेल घेतात. हिंदुरावानं स्पोर्ट बाइक घेतली. कॉलेजातल्या एका पोराची जुनी. पोरगा नापास झाला, बापानं गाडी विकायला काढली. निळ्या रंगाची, पुढं मुंडी खाली घातलेली, मागं शेपूट आभाळात. चालवणाऱ्यानं टाकीवर पालथं पडायचं आणि मागं बसणाऱ्यानं माडावर चढल्यासारखं बसायचं. बायको शालन एकदाच मागं बसली, एसटी स्टँडापर्यंत. उतरल्यावर तिनं बाइकला लांबूनच नमस्कार केला आणि घरी चालत आली.

पण हिंदुरावाचा त्या बाइकवर जीव. तिच्यावर बसून आंबोलीचा घाट उतरायचा आणि खाली सावंतवाडीला आक्काच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे त्याचं फार दिवसांचं स्वप्न. अडचण एवढीच की त्या बाइकवर रुमाल ठेवायला जागा नव्हती. कंपनीनं ती बिनसामानाच्या माणसासाठी काढली असणार. हिंदुराव संसारी माणूस, त्याला सामान होतं.

आणि निमित्तही आलं. आक्काच्या केतकीचं लग्न ठरलं. आपल्यात मुहूर्ताला नवरी मामानं आणलेली पिवळी साडी नेसते आणि मामाच तिला हाताला धरून अंतरपाटापाशी आणतो. केतकीला मामा एकच, हिंदुराव. त्यानं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं, की साडी बाइकवरून येईल, मामा बाइकवरून येईल, आणि बाइकला घरी बनवलेलं कॅरियर असेल. असं कॅरियर की जगात कुणी पाहिलं नाही. हे मात्र खरंच निघालं.

गॅलरीला घालतात तो चौकोनी पाइप त्यानं घेतला. दोन्ही अंगाला दोन जाळ्या केल्या, जाळीत वेलबुट्टी केली. मधल्या मांडणीवर पत्र्याची ट्रंक ठोकली आणि तिला टेकू म्हणून पिसारा फुलवलेला मोर बसवला. मोराचे पाय सीटवर रोवले. उजव्या अंगाला सायलेन्सर आडवा येत होता. तिथली जाळी लहान करावी तर दोन बाजू सारख्या दिसेनात, आणि ग्रिलवाल्याला ते कसं खपावं? म्हणून त्यानं दोन्ही बाजूंची जाळी हातभर बाहेर काढली. बाइक आता म्हशीएवढी रुंद झाली. गल्ली बघायला लोटली. कुणी विचारलं, आत पोपट पाळणार की ससे? कुणी म्हणालं, शेजारची खोली भाड्यानं द्या. हिंदुराव हसत होता. लोक चेष्टा करतात म्हणजे काम बघतात, हे त्याला ठाऊक.

शालन बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिनं बाइकला एक फेरी मारली आणि विचारलं, "सीट उघडायची कशी?"

"उघडायची कशाला? सीट बसायला असती," हिंदुराव म्हणाला, आणि त्यानं शेवटचे टाके घातले. बाइकला मागं चार भोकं कंपनीनंच ठेवली होती, कुणाला काही बसवायचं तर बोल्ट लावावेत म्हणून. हिंदुरावानं ती भरून टाकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी शालन पोरांना घेऊन एसटीनं पुढं निघाली. साडी माझ्याबरोबर द्या, म्हणून तिनं दोनदा सांगून पाहिलं. मामाची साडी मामाबरोबर, असा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव नवा झब्बा घालून, साडी ट्रंकेत कुलूपबंद करून निघाला, तर गल्ली वाटच बघत होती. जाताच आहेसा तर एवढं न्या, हा आपला जुना धर्म आहे. रिकामं कॅरियर बघून तर तो आणखी जोरात पाळला जातो. कुणी काकवीचा डबा दिला, कुणी तिखट, कुणी घनसाळ तांदळाचं गाठोडं. एका म्हातारीनं वाटेवरच्या भाचीसाठी पाटा दिला, वरवंट्यासकट. नको कुणाला म्हणायचं? जाळ्या तर भरायलाच केल्या होत्या. हिंदुराव टाकीवर पालथा पडला आणि निघाला.

काय सांगावं त्याचं सुख. ऊन कोवळं, रस्ता मोकळा, आणि मागून कॅरियरचा चुईं आवाज नाही. एवढं ओझं मागं, पण सगळं एका दगडात कोरल्यासारखं. पुढचं चाक तेवढं जमिनीला विचारून विचारून टेकत होतं. आजऱ्याबाहेर एका फॅब्रिकेशनच्या दुकानावरून जाताना त्यानं मुद्दाम लांबलचक हॉर्न वाजवला. ते दुकान इनास बार्देस्करचं. इनास सगळं काम बोल्ट आणि बिजागऱ्यांवर करायचा, आणि हिंदुराव चारचौघांत त्याला खेळणीवाला म्हणायचा. इनासचं फाटक जोरात शिंकलं तर सुटं होतं, ही हिंदुरावाची आवडती कोटी. पंचक्रोशीत ती इतकी फिरली होती की इनासला त्याच्या सासऱ्यानंही ऐकवली होती.

हॉर्न वाजला तो शेवटचा. दुकान मागं पडलं न पडलं तोच बाइक गप झाली. दिवा नाही, हॉर्न नाही, किल्ली फिरवावी तर काटासुद्धा हलेना. फ्यूज गेला होता. हे कळायला हिंदुरावाला मेकॅनिक लागत नव्हता. फ्यूज कुठं असतो हेही त्याला माहीत होतं. सीटखाली.

त्यानं सीटच्या कुलपात किल्ली घातली. कुलूप शहाण्या पोरासारखं उघडलं. सीट नखभर उचलली आणि मोराच्या पायांना जाऊन अडली. हिंदुरावानं मोर ओढला. दोन्ही हातांनी ओढला, पाय देऊन ओढला. आपल्या टाक्याची अशी परीक्षा त्यानं आजवर कधी घेतली नव्हती. टाका हलला नाही. क्षणभर त्याला अभिमानच वाटला. मग घाम फुटला.

तेवढ्यात शालनचा फोन आला. कुठं आलासा म्हणून विचारलं. हिंदुरावाच्या तोंडून निघून गेलं, "घाटात."

"मग या लवकर. केतकी न्हाऊन बसलीया. आक्का दुसरी साडी अंगाला लावू देईना. माझा भाऊ शब्दाचा पक्का हाय म्हणतीया."

हिंदुरावानं फोन खिशात ठेवला आणि ट्रंक उघडून साडी बाहेर काढली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केला. पण लग्नसराई. गाड्या गच्च भरून चाललेल्या, लोक काचेआडून मोराकडं बोट दाखवायचे आणि पुढं जायचे. सावंतवाडीची एसटी तर टपाला लटकावं इतकी भरलेली, ती थांबलीसुद्धा नाही. मुहूर्त दुपारचा. तिकडं पोरगी मामाची वाट बघत बसलेली, आणि इकडं मामा रस्त्यात मोर धरून उभा.

मागं वळून बघितलं तर इनासचं दुकान दिसत होतं. वेल्डिंगच्या ठिणग्याही दिसत होत्या.

आता बघा, माणसाचं मन काय काय युक्त्या काढतं. हिंदुरावाला वाटलं, सांगावं की कॅरियर कोल्हापुरातनं करून आणलं. मग वाटलं, सांगावं की पोरांनी परस्पर केलं. पण त्या वेलबुट्टीवर त्याचा हात असा दिसत होता, की आंधळ्यानं चाचपून नाव सांगितलं असतं. शिवाय झब्ब्याच्या आत साडी धरली होती, ती मऊ लागत होती. आक्का कुणापुढं काय बोलून बसली आहे, हे सारखं डोक्यात फिरत होतं. त्यानं बाइक वळवली आणि ढकलायला सुरुवात केली. पाटा-वरवंट्यासकट. इतका जड रस्ता त्यानं जन्मात चालला नव्हता, आणि तो काही फक्त पाट्यामुळं नाही.

इनासनं काम थांबवलं. आधी हिंदुरावाकडं बघितलं, मग कॅरियरकडं. मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. काकवी सायलेन्सरनं तापून डब्यातून गळत होती, तिला बोट लावून चाटलं.

"फ्यूज गेलाय," हिंदुराव म्हणाला.

"मग सीट काढ की."

"निघत न्हाई."

"का?"

दुकानातली माणसं हातातली कामं ठेवून ऐकत होती. हिंदुरावाला वाटलं, जमीन फाटावी. पण जमीन कधी वेळेवर फाटत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. तो म्हणाला, "मी काढायची जागाच ठेवली न्हाई, इनास. माझं चुकलं. भाचीची साडी हाय. मुहूर्त टळत चाललाय."

इनासकडं बोलायला कमी नव्हतं. वर्षानुवर्षं साठवून, घासूनपुसून ठेवलेली उत्तरं होती, आणि आज ऐकायला गिऱ्हाईकही समोर होतं. पण त्यानं झब्ब्याच्या गळ्यातून डोकावणारा पिवळा काठ बघितला आणि एक सोडून सगळी उत्तरं गिळली. कटर आणून हिंदुरावाच्या हातात दिला.

"टाका तुझा. तूच काप. मी कापला तर उद्या सांगत फिरशील, इनासनं मोडला."

हिंदुरावानं साडी काढून ठिणग्यांपासून लांब ठेवली आणि दुकानातला कामाचा चष्मा लावला. आधी कुठला टाका कच्चा आहे ते शोधू लागला, म्हणजे तिथून सुरू करावं. एकही कच्चा नव्हता. एखादा तरी आळसात घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग कटर लावला. इनासनं टाकीवर ओलं पोतं धरलं, स्वतः आड उभा राहिला. ठिणग्या उडून नव्या झब्ब्याला भोकं पडत होती. एक टाका तुटला की दुसरा दात विचकून उभा. कटरचं चाक झिजलं, दुसरं लावलं. मध्येच इनास हळूच म्हणाला, "टाका मात्र देखणा घालतोस, मर्दा."

हिंदुरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. ठिणगी गेली म्हणाला. इनासनंही ठिणगीच म्हणून मान्य केलं.

शेवटी जाळ्या-ट्रंकेसकट मोर तुटून धुळीत पडला आणि सीट उघडली. कॅरियरचा पाय मागच्या दिव्याच्या वायरीवर बसला होता. वरवंट्याच्या ओझ्यानं वायर सोलून निघाली आणि फ्यूज जळाला. जळक्या फ्यूजच्या शेजारीच कंपनीनं एक कोरा फ्यूज ठेवला होता. केवढी मोठी कंपनी, केवढे शिकलेले लोक, पण आपलं काहीतरी कधीतरी जळणार, हे धरूनच चालले होते. हिंदुराव त्या इवल्याशा फ्यूजकडं बघत राहिला. इनासनं वायरीला टेप गुंडाळली.

गाडी सुरू करण्याआधी हिंदुरावानं फोन लावला. "शालन, मघाशी मी खोटं बोललो. घाटात न्हवतो, आजऱ्यात अडकलोय. कॅरियर कापून काढलं. आता निघतोय."

शालन म्हणाली, "सावकाश या. इकडचं मी बघते."

आणि तिनं बघितलं. नवऱ्याकडची मंडळी घाटावरची, मानपानाची हौस असलेली. शालननं माइकवाल्याला जाऊन एवढंच सांगितलं, की आलेल्या पाहुण्यांचे सत्कार राहिलेत. झालं. आजी सदस्य, माजी सदस्य, होऊ घातलेले सदस्य, एकेकाला नारळ आणि टोपी. एकदा सत्कार सुरू झाले की मुहूर्ताची आठवण भटजींनासुद्धा राहत नाही. उलट तेही रांगेत उभे होते.

इकडं साडी ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. इनासनं स्वतःचा पंचा काढला, साडी हिंदुरावाच्या पोटावर ठेवली आणि मागं गाठ मारली. हिंदुराव टाकीवर पालथा पडला. पोट आणि टाकीच्या मध्ये साडी अशी बसली की वारासुद्धा शिरेना. पाटा, तांदूळ, तिखट, सगळं इनासच्या दारात राहिलं. घाटात बाइक पाण्यासारखी वाहत गेली. पुढचं चाक आता जमिनीला काही विचारत नव्हतं.

मांडवाच्या दारात हिंदुराव उतरला तेव्हा चेहरा काजळीनं काळा, झब्ब्याची चाळण झालेली आणि पोट पुढं आलेलं. मांडव बघतच राहिला. त्यानं पंचा सोडला, आतून पिवळी साडी काढली आणि आक्काच्या ओंजळीत ठेवली. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "मामा बाळंत झाला गं बाई." मग आख्खा मांडव हसला. सगळ्यांत आधी हिंदुराव हसला. आक्का हसत होती आणि पदरानं त्याचं तोंडही पुसत होती.

मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं माइकवरून सांगितलं गेलं. केतकी पिवळी साडी नेसून आली. मामाचा झब्बा बघून तिनं विचारलं, "मामा, हे काय झालं?" नवऱ्याकडच्या बायका कान देऊन होत्या.

"कॅरियर करताना चुकलो, बाळ," हिंदुराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि तिचा हात धरून चालू लागला. त्या भोकांच्या झब्ब्यात तो जितका ताठ चालला, तितका नव्याकोऱ्या झब्ब्यात कधी चालला नव्हता.

परतीच्या वाटेवर तो लग्नाचे लाडू घेऊन इनासच्या दारात थांबला. तांदूळ आणि तिखट होतं तिथंच होतं. पाटाही होता. काकवी इनासच्या घरात गेली होती, आणि पाटा धुतलेला दिसला तेव्हा तोही एकदा आत जाऊन आला असावा. हिंदुरावानं नवीन कॅरियर करायला घेतलं. बारीक पाइप, मोर नाही, आणि उजवी जाळी सायलेन्सरला वाट देऊन लहान. दोन बाजू सारख्या दिसेनात. हिंदुरावानं एकदा मान तिरकी करून बघितलं आणि सोडून दिलं. कंपनीची चार भोकं त्यानं उकरून मोकळी केली. इनासनं चार बोल्ट दिले आणि पाना त्याच्या हातात ठेवला.

पाना धरायची हिंदुरावाला सवय नव्हती. तो थोडा अवघडला आणि म्हणाला, "किती आवळू?"

इनास लाडू खात होता. म्हणाला, "काढायची पाळी तुझ्यावरच येणार हाय, हे ध्यानात धर आणि आवळ."

तात्पर्य: काम जरूर पक्कं करावं, पण चूक निघाली तर उघडता येईल एवढी जागा त्यात ठेवावी. आणि चूक निघालीच, तर आपला टाका आपल्याच हातानं कापावा. त्यानं झब्ब्याला भोकं पडतात, अब्रूला पडत नाहीत.